बदल नसल्यास कोरे सोडावे

९ डिसेंबर १९९४, शुक्रवार. काम : रक्तदात्यांच्या यादीतले पत्ते व फोन बदलणे.

माझ्या त्या वर्षीच्या डायरीत एवढीच नोंद आहे. पुढे बरोबरची खूण. त्या कामासाठी मी कंपनीतून अर्धी रजा काढली होती. दुपारी अडीचला बसले आणि साडेपाचला उठले. काम नीट झालं असंच मला वाटलं होतं, म्हणून खूणही ठसठशीत आहे.

मी ठाण्याच्या एका कारखान्यात सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये होते. शहाऐंशी साली तिथे पहिला कॉम्प्युटर आला. शिकायला कोण जाणार असं साहेबांनी विचारलं तेव्हा पुरुष मंडळी एकमेकांकडे बघत बसली. यंत्र शिकलो तर उद्या आपल्याच जागी ते बसेल, अशी त्यांना धास्ती. मी हात वर केला. खरं कारण असं की कॉम्प्युटरच्या खोलीत एसी होता आणि स्टोअरमध्ये एक पंखा, तोही खालच्या माणसाला वारा न देणारा. सहा महिने क्लास केला. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी मी बऱ्यापैकी प्रोग्रामर झाले. हुशार म्हणता येणार नाही, पण नेटकी होते.

आमच्याकडे रोजचं काम एकच. स्टोअरमध्ये प्रत्येक भागाला एक क्रमांक असायचा आणि क्रमांकापुढे त्याची माहिती : नाव, मापं, कुठल्या फळीवर ठेवलाय. दर महिन्याला मुख्य कचेरीतून फ्लॉपीवर नवी यादी यायची. तेच क्रमांक, पण माहिती ताजी. प्रोग्रामला सांगायचं की नव्या यादीतला एकेक क्रमांक घे, जुन्या यादीत तोच क्रमांक शोध आणि त्याच्यापुढचं जुनं काढून नवं ठेव. तीन ओळींचं काम. त्या तीन ओळी मी आठ वर्षं लिहिल्या. कधी चुकल्या नाहीत, कारण मुख्य कचेरीची यादी नेहमी भरलेली असायची. रिकामी जागा ठेवायची तिथे कुणाची छाती नव्हती.

रक्तदात्यांचं मंडळ डोंबिवलीतलं, आमच्या गल्लीच्या टोकाला. एका वाचनालयाच्या मागची खोली. सचिव होते निवृत्त पोस्टमास्तर. मूळचे पुण्याकडचे, बोलणं शुद्ध, अक्षर छापल्यासारखं. त्यांनी बारा-तेरा वर्षांत आठशे दात्यांची कार्डं जमवली होती आणि ती चपलांच्या खोक्यांत रक्तगटाप्रमाणे लावून ठेवली होती. कुणाला रक्त लागलं की नातेवाईक यायचे, पोस्टमास्तर खोकं उघडायचे, कार्ड काढायचे, फोन करायचे. ब्याण्णव साली एका कारखान्याने टाकायला काढलेला कॉम्प्युटर मंडळाला दिला. तो चालवणार कोण? गल्लीत मीच.

मी चार महिने रविवारी बसून आठशे कार्डं आत टाकली. झाल्यावर म्हटलं, आता खोकी रद्दीत द्या.

"असू द्यात हो बाई. कार्डं काय खायला मागतात?" पोस्टमास्तर म्हणाले.

"वाळवी मागते. आणि उद्या पत्ता बदलला की कार्डावर एक आणि मशीनमध्ये दुसरा. मग खरा कुठला?"

"दोन ठिकाणी असलेलं बरं असतं. आम्ही पोस्टात सगळं दोनदा लिहीत असू."

"म्हणूनच तुमचं पत्र चार दिवसांनी पोचायचं."

ते हसले. खोकी गेली. रद्दीवाल्याने खोकी परत केली, कार्डं तेवढी घेतली.

चौऱ्याण्णव साली आमच्या भागातलं टेलिफोनचं एक्स्चेंज बदललं आणि बऱ्याच जणांचे नंबर बदलले. शिवाय माणसं घरंही बदलत होती. चाळीतली ब्लॉकमध्ये, पश्चिमेची पूर्वेला, काही थेट घोडबंदर रोडच्या नव्या बिल्डिंगांत. यादी ताजी करणं भाग होतं. पोस्टमास्तरांनी एक फॉर्म तयार केला. वर दात्याचा क्रमांक, नाव आणि रक्तगट आम्हीच घातलेले. खाली दोन रकाने : पत्ता आणि फोन. फोनच्या रकान्यात कंसात 'स्वतःचा अथवा पी. पी.' असं होतं. पी. पी. म्हणजे शेजाऱ्याचा फोन. तेव्हा दर दोन माणसांत एकाचा नंबर तसाच असायचा. आणि फॉर्मच्या तळाशी, बारीक टायपात, पोस्टमास्तरांच्या पद्धतीची एक ओळ : 'बदल नसल्यास रकाने कोरे सोडावेत.'

ही ओळ मी वाचली नव्हती असं नाही. प्रेसमध्ये प्रूफ मीच तपासलं. 'रकाने'मधला काना निसटला होता तो मी लाल शाईने घातला.

फॉर्म टपालाने गेले, बरेचसे परत आले. आपल्याकडची माणसं सूचना पाळत नाहीत असं म्हणतात, पण या वेळी सगळ्यांनी पाळली. ज्यांचं काही बदललं नव्हतं त्यांनी रकाने कोरे ठेवले, खाली सही केली आणि पाकीट बंद केलं. काहींनी तर रकान्यावर तिरपी रेघ मारली, ती कोऱ्याहून कोरी.

मी ते फॉर्म नव्या यादीत टाकले. क्रमांक, पत्ता, फोन. कोरा आला की एंटर दाबून पुढे. मग त्या तीन ओळी लिहिल्या, आठ वर्षं लिहीत होते तशाच, आणि चालवल्या.

घरकामाच्या भाषेत सांगायचं तर असं. एखादीला म्हटलं, फळीवरचे डबे रिकामे कर आणि या पिशव्यांतला माल त्यांत भर. काही पिशव्या रिकाम्याच होत्या. माणूस असता तर थांबून विचारलं असतं, बाई, हिच्यात काही नाही, मग डब्यातलं ठेवू ना? मशीन विचारत नाही. त्याने डबे रिकामे केले आणि त्यांत काहीही न भरता झाकणं लावली. 'नवं रिकामं असेल तर जुनं राहू दे' ही चौथी ओळ मी लिहिली नव्हती, कारण मला ती कधी लागलीच नव्हती.

त्यानंतर मी जे जे केलं ते सगळं शिस्तीचं होतं. यादीची कॉपी फ्लॉपीवर काढली. फ्लॉपी एकच धड होती, दुसरीला बुरशी धरलेली, तेव्हा जुन्या कॉपीवरच नवी घेतली. पुढच्या दोन दिवसांत नवी यादी छापून डोंबिवली-कल्याणच्या इस्पितळांत स्वतः नेऊन दिली आणि जुन्या याद्या परत मागून घेतल्या. दोन याद्या राहिल्या तर गोंधळ व्हायचा. रविवारी संध्याकाळी जुन्या याद्या फाडून आम्ही वाचनालयाच्या मागे जाळल्या. पोस्टमास्तरांनी काडी लावली.

छापलेल्या यादीत नाव, रक्तगट आणि फोन एवढंच असायचं, आणि फोनच्या रकान्यात बऱ्याच मोकळ्या जागा होत्या. त्या मला दिसल्या. मला वाटलं, या माणसांकडे फोन नसेल. चौऱ्याण्णव साली ते काही विशेष नव्हतं.

बुधवारी, १४ तारखेला, बारा वाजता पोस्टमास्तरांचा कंपनीत फोन आला.

"बाई, जरा लवकर निघता येईल का? बी निगेटिव्ह हवं आहे. यादीत पाच नावं आहेत पण तिघांचा फोन दिसत नाही."

"मग पत्ता काढा. मशीनमध्ये पत्ता आहे."

"पत्त्याची जागाही रिकामी दिसते आहे. मला वाटलं, मीच चुकीचं बटण दाबलं."

मला तिथेच कळलं. पूर्ण नाही, पण हातातलं काम टाकण्याइतकं. साहेबांना सांगून मी निघाले.

खोलीत एक माणूस बाकावर बसला होता. चाळिशीचा, अंगात रेल्वेचा निळा गणवेश, हातात डॉक्टरांची चिठ्ठी. रेल्वेत सिग्नल फिटर, राहायला आंबिवलीला. मी आत आल्यावर तो उठून उभा राहिला.

"जयभीम ताई. मिसेससाठी पायजे."

बायको छत्तीस वर्षांची, घरी शिवणकाम करणारी. हाडांतल्या मगजाने रक्त करणं थांबवलं होतं. दोन महिने इस्पितळाच्या वाऱ्या चालू होत्या. आता हिरड्यांतून आणि नाकातून रक्त थांबत नव्हतं. बाटलीत साठवलेलं रक्त तिच्या उपयोगाचं नव्हतं. दात्याच्या अंगातून काढून त्याच दिवशी चढवलेलं हवं होतं, रोज एक, निदान चार-पाच दिवस. तेवढ्यात रक्तस्राव थांबला तर मुंबईला हलवता येईल असं डॉक्टर म्हणत होते. निकडीला ओ निगेटिव्ह चालेल असं चिठ्ठीच्या मागे लिहिलं होतं.

मी मशीनसमोर बसले. बी निगेटिव्ह पाच. दोघांचे फोन होते, कारण त्या दोघांनी या वर्षात घर बदललं होतं. उरलेल्या तिघांपुढे नाव, वय, रक्तगट आणि मग काही नाही. ओ निगेटिव्ह दोघे. दोघांपुढे काही नाही. मग मी सगळी यादी वरपासून खालपर्यंत बघितली. मशीनला कोरे मोजायला सांगितले. तीनशे अकरा.

ते कोण होते हेही मला समोर दिसत होतं. जे कुठे गेले नव्हते ते. पंधरा-वीस वर्षं त्याच घरात, त्याच फोनवर, हाक मारली की येणारे. ते सगळे पुसले गेले होते. जे हलले होते ते यादीत शाबूत होते.

फ्लॉपी घालून बघितली. माहीत असूनही बघितली.

पोस्टमास्तर चष्मा पुसत होते. "कार्डं..." एवढंच म्हणाले. त्यांनी ते वाक्य त्यानंतरही कधी पुरं केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं.

फिटरने विचारलं, "नावं आहेत म्हणता ना? मग नंबर का नाय?"

"माझ्या हातून पुसले गेले."

"म्हणजे कॉम्प्युटरनं?"

"नाही. मी. फॉर्म कोरा आला म्हणजे बदल नाही, असा अर्थ होता. मी कोरा म्हणजे कोरा धरला."

त्याने स्क्रीनकडे बघितलं. मग म्हणाला, "आमच्याकडं सिग्नलचा दिवा विझला ना ताई, तर ड्रायव्हरनं तो लाल समजायचा. थांबायचं. दिवा नाय म्हणजे काय पण समजून पुढं जायचं नाय. पहिल्या दिवशी शिकवतात ते."

टोमणा नव्हता. कामाबद्दल एका कामगाराने दुसऱ्याला सांगावं तसं त्याने सांगितलं. मी आठ वर्षं प्रोग्राम लिहीत होते आणि हे मला कुणी पहिल्या दिवशी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं असेल तर मी एसीत बसले होते.

फोन असलेल्या दोघांपैकी एकीने तीन आठवड्यांपूर्वीच दुसऱ्या रुग्णाला रक्त दिलं होतं, तिचं परत घेता येत नव्हतं. दुसरा घोडबंदर रोडला राहायला गेलेला. त्याने "किती वाजता येऊ?" एवढंच विचारलं. गुरुवारी सकाळी नऊला तो कल्याणच्या इस्पितळात हजर होता. एका दिवसाचं झालं.

मी गुरुवारी आणि शुक्रवारी रजा टाकली. ओ निगेटिव्हच्या दोघांबद्दल पोस्टमास्तरांना काहीच आठवत नव्हतं, म्हणून बी निगेटिव्हचीच तीन नावं धरली. आडनावं अशी की डोंबिवलीच्या प्रत्येक बिल्डिंगच्या पाटीवर त्यातलं एक तरी सापडावं. पोस्टमास्तरांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. त्यांना पत्ते आठवेनात; कार्डांवरचं अक्षर आठवत होतं.

"एकाचं कार्ड हिरव्या शाईतलं होतं. कोपर. चाळीचं नाव नाही आठवत. पण पिठाच्या गिरणीवर, असं काहीतरी लिहिलेलं होतं."

"आणि बाकीचे?"

"त्या बाई शिक्षिका आहेत. नगरपालिकेच्या शाळेत शिबिर झालं होतं तेव्हा नाव नोंदवलं. तिसरे गृहस्थ..." त्यांनी बराच वेळ घेतला. "चष्मा आहे त्यांना."

गुरुवारी साडेदहाला आम्ही कोपरला उतरलो. गिरण्या तीन निघाल्या. पहिलीच्या वर एक क्लास होता. दुसरीचा मालक डाळीचं पीठ काढत होता. मशीनच्या आवाजात आम्हाला नाव तीनदा ओरडून सांगावं लागलं, मग त्याने मशीन बंद केली आणि त्याच्यापुढे रांगेत उभ्या असलेल्या बायका आमच्यावर चिडल्या.

"अहो काकू, आमचा नंबर आहे," एक म्हणाली.

"नाव विचारतेय फक्त."

"मग पत्ता घेऊन यायचं ना. असं कोन शोधतं?"

तिसऱ्या गिरणीच्या वर, जिन्याने चढून डावीकडे, दारावर आम्ही शोधत होतो ते आडनाव होतं. कुलूप. शेजारच्या दारातून एक कोळीण बाई बाहेर आली. वयाने माझ्याएवढी, हाताला ओल्या मासळीचा वास, बोलणं खणखणीत.

"कोन पायजे बाय?"

मी सांगितलं.

"ते काल गेले नाशकाला, बहिणीकडं. बारसं हाय. संध्याकाळी सातला निघाले. शनवारी येतील सकालच्याला."

"काल सातपर्यंत घरी होते?"

"आता! दिवसभर घरीच व्हते. सुट्टीच घेतलेली. माज्याच दारात बसून पेपर वाचला." मग तिने आम्हाला नीट बघितलं. "त्यांचा फोन माज्याकडंच येतो. पी. पी. हाय ना. तुमी फोन का नाय केला? मी बसलेले की घरी. हाक मारली असती तर या पायरीवरून गेले असते."

तिच्याकडे नाशिकचा नंबर नव्हता. बहिणीचं सासरचं नावही तिला ठाऊक नव्हतं. पोस्टमास्तरांनी चिठ्ठी लिहिली, त्या सुंदर अक्षरात, मंडळाचा पत्ता, वेळ, कशासाठी यायचं ते सगळं घालून. ती तिने पदराच्या गाठीला बांधली. तिचा नंबर मी विचारला आणि तिने तो पाठ म्हणून दाखवला. एवढ्याशा नंबरासाठी आम्ही सकाळपासून हिंडत होतो.

जिना उतरताना पोस्टमास्तर म्हणाले, "बुधवारी बारा वाजता मी फोन केला असता."

"हो."

"ते दुपारी तीनला पोचले असते."

"हो. चला, शाळा सुटायच्या आत पोचायचंय."

शाळेत कळलं, त्या बाईंची बदली झाली होती. कुठे ते मुख्याध्यापिकांना ठाऊक नव्हतं. शिक्षण मंडळाच्या कचेरीत विचारा म्हणाल्या. शुक्रवारी सकाळी मी कल्याणला त्या कचेरीत गेले. कारकून जेवायला गेला होता. साडेअकराला. मी दीड वाजेपर्यंत बाकावर बसले. आल्यावर त्याने रजिस्टर काढलं, पान शोधलं, बोट फिरवलं आणि नव्या शाळेचं नाव सांगितलं. मी रिक्षा करून तिथे गेले. बाई भेटल्या. वर्ग चालू होता. मी दारात उभी राहून सांगितलं. त्यांनी खडू ठेवला, हात झटकले आणि पर्स घेतली. मुलांना म्हणाल्या, "पाढे लिहा." आम्ही त्याच रिक्षाने इस्पितळात निघालो. वाटेत त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, आता मंडळ बंद पडलं असेल. दोन वर्षांत कुणाचा फोन नाही."

"बी निगेटिव्ह क्वचित लागतं."

"माझा फॉर्म मिळाला होता ना?"

"मिळाला होता."

इस्पितळाच्या फाटकाशी फिटर उभा होता. गणवेश तोच. त्याने आम्हाला रिक्षातून उतरताना बघितलं आणि चालत आमच्याकडे आला.

"ताई, आता नका शोधू."

बाईंनी पर्स दोन्ही हातांनी धरली.

"सव्वादोनला," तो म्हणाला. "डोक्यात रक्त उतरलं. डॉक्टर बोलले, काल एक बाटली अजून चढली असती तर कदाचित. कदाचितच बोलले. नक्की नाय बोलले." त्याने ते 'कदाचित' माझ्यासाठी ठेवलं होतं हे मला समजलं. मी ते घेतलं नाही.

"बोलावलं असतं तर आला असता असा एक माणूस होता," मी सांगितलं. "बुधवारी संध्याकाळपर्यंत घरी होता. त्याचा नंबर माझ्यामुळे गेला."

हे सांगायची गरज होती का, असं नंतर मला माझ्या बहिणीने विचारलं. तिच्या मते त्या माणसाला तेवढं दुःख पुरेसं होतं. असेलही. पण त्याने बुधवारी मला सरळ विचारलेल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते मी घरी नेऊन काय करणार होते?

त्याने ते ऐकलं. मग त्याने रिक्षावाल्याकडे बघितलं. "यांना सोडतो का डोंबिवलीला?" विचारलं, आणि आत गेला. मला तो पुन्हा भेटला नाही. आंबिवलीला मी नंतर एकदा गेले होते. शेजाऱ्यांनी सांगितलं, बदली मागून घेतली, मुलीला घेऊन भुसावळकडे गेला. त्याला मुलगी आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

शिक्षिका बाई रिक्षात म्हणाल्या, "माझं रक्त आता कुणाला चालेल?" मी म्हटलं, राहू द्या, आज दिलंत तर तीन महिने अडकाल. त्यांना त्यांच्या शाळेशी सोडलं. पाढे झाले असणार.

संध्याकाळी मी चौथी ओळ लिहिली. पाच मिनिटं लागली. मग कळलं की तिचा आता काही उपयोग नाही. जे राहू द्यायचं होतं तेच राहिलं नव्हतं.

शनिवारी सकाळी आठला मी खोलीचं दार उघडायला गेले तर कोपरचा दाता पायरीवर बसला होता. पन्नाशीचा माणूस, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, पायाशी प्रवासाची पिशवी, हातात पोस्टमास्तरांची चिठ्ठी. स्वतःचं कुलूपही न उघडता कोळीण बाईकडून चिठ्ठी घेऊन परस्पर आला होता.

"नाश्ता करून आलोय," तो म्हणाला, "म्हणजे तिकडे चक्कर-बिक्कर यायला नको. कुठं जायचं?"

मी त्याला सांगितलं.

त्याने चिठ्ठी उलटी करून बघितली. "कधी?"

"काल दुपारी."

"मी बुधवारी सातपर्यंत घरी होतो हो. फोन करायचा ना."

"नंबर नव्हता."

"नव्हता कसा? दिलेला आहे."

"या वेळच्या फॉर्मवर?"

"या वेळी तुम्हीच लिहिलंय ना खाली, बदल नसेल तर सोडा म्हणून. नव्हता बदल. सोडला."

"बरोबर केलंत," मी म्हटलं.

पोस्टमास्तर आले. त्यांनी बघितलं कोण आहे ते, आणि काही न विचारता कपाटातून नवी लांब वही काढून माझ्यापुढे ठेवली. मी पहिल्या पानावर त्या माणसाचं नाव लिहिलं, चाळ, जिना, गिरणी, शेजारणीचा नंबर, कामाची जागा, तिथला नंबर, आणि बहिणीचा नाशिकचा पत्ता. बहिणीचा पत्ता कशाला, असं त्याने विचारलं नाही. सगळं त्याला वाचून दाखवलं. त्याने मान डोलावली, पिशवी उचलली आणि गेला.

मग आम्ही दोघं उरलेलं बी निगेटिव्ह शोधायला निघालो. त्या माणसाबद्दल आम्हाला एवढंच माहीत होतं की त्याला चष्मा आहे.